वाचता येते, आता जपून वाचा



आपल्या वर्गातल्या पुष्कळांना आता वाचता येते. ही मोठ्या आनंदाची गोष्ट झाली. पण वाचणाऱ्याकडे लोक कागद घेऊन येतात. "एवढं वाचून दाखवा हो दादा," म्हणतात. मोबाइलवरही मजकूर येतो. त्यात असते, अमुक जातीचे लोक असलेच, तमक्या धर्माच्या लोकांना गावात राहू देऊ नका. आपण भोळेपणाने पारावर ते मोठ्याने वाचतो. म्हणून आज या विषयावर आम्ही बोलत आहोत.

असे बोलून समाजासमाजात वैर पेटवणे हा गुन्हा आहे. इंग्रजांच्या काळात, १८९८ साली, दंडविधानात १५३-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हेच कलम १९६ आहे. धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यावरून द्वेष पसरवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मग ते तोंडाने बोललेले असो, कागदावर लिहिलेले असो, की मोबाइलवरून धाडलेले असो. देवळात किंवा मशिदीत हे केले, तर कैद पाच वर्षांपर्यंत. दलित आणि आदिवासी बांधवांविरुद्ध द्वेष पसरवला, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो.

मग अन्यायाविरुद्ध बोलायचेच नाही की काय? तसे मुळीच नाही. आपल्या नाशिकचेच बघा. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर, इथला भार दादासाहेब गायकवाडांनी वाहिला. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. तरी लढा १९३५ पर्यंत चालला. त्यांनी काय मागितले? आम्हाला आत येऊ द्या. कुणाला गावाबाहेर घालवा, असे नाही मागितले. हक्क मागणे निराळे, आग लावणे निराळे.

कोर्टही हेतू पाहते. एका पुस्तकावरून पुण्यात खटला झाला होता. तो सुप्रीम कोर्टात गेला. २००७ साली कोर्टाने सांगितले, मधलेच एखादे वाक्य उचलू नका, सगळे लिखाण वाचा, मग हेतू ठरवा. नव्याने वाचायला शिकलेल्याला याहून चांगला धडा आम्हाला तरी माहीत नाही.

या कायद्यात एक अडचण आहे. गुन्हा नोंदला तरी सरकारची मंजुरी मिळाल्याशिवाय कोर्ट खटला चालवायला घेत नाही. गाडी तिथेच रुतते. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला साऱ्या राज्यांना सांगावे लागले, की तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या एका प्रवचनावरून ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले. दोषी कोण, हे कोर्टाने ठरवायचे. चौकात दगड घेऊन ते ठरत नाही.

तेव्हा असा कागद हाती आला तर आधी मनातल्या मनात पुरता वाचा. वाईट असेल तर मोठ्याने वाचू नका, पुढे धाडू नका. फाडूही नका. कुणी दिला, कोणत्या दिवशी दिला, ते मागे लिहून ठेवा. आता लिहिता येते ना! मग चारचौघांना घेऊन पोलिस ठाण्यात जा. फिर्याद नोंदली, की तिची नक्कल मागून घ्या. ती फुकट मिळते.