क्षयरोग : निदान आणि उपचारांतील नवे पर्व

(जागतिक क्षयरोग दिनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय 'वैद्यकशास्त्रातील अलीकडची प्रगती' असा आहे. हा विषय एका सायंकाळीच्या आवाक्यातला नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जांघेतून सरकवलेल्या बारीक नळीने ओढून काढता येते आणि पक्षाघाताचा रुग्ण पुन्हा चालू लागतो, हे २०१५ साली लागोपाठ प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी सिद्ध केले. रुग्णाच्याच रक्तातील पेशी काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून त्या कर्करोगावर सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून आपल्याकडे विकसित केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला मान्यता मिळाली आणि परदेशातील खर्चाच्या सुमारे एक-दशांश खर्चात ती उपलब्ध झाली. या प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल.

तथापि मी आज एका जुन्या, आणि आपल्याला वाटते तितक्या ओळखीच्या नसलेल्या रोगाविषयी बोलणार आहे. तो रोग म्हणजे क्षय. चरकसंहितेत 'राजयक्ष्मा' या नावाने त्याचे वर्णन आहे. दक्षाच्या शापाने क्षीण होत जाणाऱ्या चंद्राची कथा त्याच अध्यायात येते. पुण्याच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षात, याच रोगाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध बर्लिनमध्ये जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे अवघी पाच वर्षे आधी. जंतू सापडला होता, औषध नव्हते. औषध यायला आणखी सहा दशके लागली.

आज औषध आहे. तरीही जगातील क्षयाच्या एकूण नव्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दर लाख लोकसंख्येमागे २०१५ मध्ये वर्षाला २३७ नवे रुग्ण होत असत, ते प्रमाण २०२४ मध्ये १८७ वर आले. ही घट जगाच्या सरासरीपेक्षा वेगवान आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु २०२५ अखेर क्षयमुक्तीचे जे उद्दिष्ट आपण ठेवले होते, ते गाठले गेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

अडचण नेमकी कोठे आहे? माझ्या मते ती पहिल्या खोकल्यापासून अचूक निदानापर्यंतच्या काळात आहे. खोकला आला की शेजारच्या दवाखान्यात जायचे, तेथे एक प्रतिजैविक मिळते, आठवड्याने दुसरे. त्यांतील काही औषधे क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात. रुग्णाला चार दिवस बरे वाटते, थुंकीतील जंतू तात्पुरते कमी होतात आणि तपासणी झालीच तर ती फसते. तोपर्यंत घरातील आजी आणि नातू एकाच खोलीत झोपत असतात.

शंभराहून अधिक वर्षे निदानाचे साधन एकच होते. थुंकी काचेवर पसरायची, लाल रंग द्यायचा, आम्लाने धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. ही पद्धत स्वस्त आणि प्रामाणिक आहे. मात्र एका मिलिलिटर थुंकीत पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज तिला ते दिसत नाहीत. जंतू वाढवून पाहण्याची पद्धत अधिक खात्रीची, पण क्षयाचा जंतू अतिशय मंदगतीने वाढत असल्याने घन माध्यमावर सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागे. या दोहोंच्या फटीत एक लाजिरवाणा धंदाही वाढला. रक्ताच्या थेंबावरून क्षय सांगणाऱ्या चाचण्या खासगी प्रयोगशाळांतून सर्रास विकल्या गेल्या. त्या रोग नसलेल्यास रोगी आणि रोग्यास निरोगी ठरवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. आजही कोणी केवळ असल्या रक्तचाचणीवरून क्षयाचे निदान करीत असेल, तर तेथून उठावे.

बदल घडवला तो जनुकीय चाचण्यांनी. थुंकीत जंतूचे मोजके अवशेष असले, तरी त्यांच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती यंत्रात तयार करून ते ओळखायचे, हे त्यामागील तत्त्व. २०१० च्या डिसेंबरमध्ये जीनएक्स्पर्ट या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. ते सुमारे दोन तासांत दोन उत्तरे देते : क्षयाचा जंतू आहे काय, आणि असल्यास रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल काय. या औषधाला दाद न देण्याचे सामर्थ्य जंतूला बहुतेक वेळा एका जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यातील बदलाने मिळते. तेवढा पट्टा वाचला की झाले.

परंतु या यंत्राला अखंड वीज आणि थंड खोली लागते. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. गोव्यातील मोलबायो या कंपनीने बॅटरीवर चालणारे, टेबलावर मावणारे ट्रुनॅट हे यंत्र आणले, ते नेमके या ठिकाणी उपयोगी पडले. नखाएवढ्या चिपवर चाचणी होते आणि साधारण तासाभरात निष्कर्ष हाती येतो. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. त्याच वर्षी कोरोनाच्या चाचण्यांसाठी हीच यंत्रे देशभर धावली, हे अनेकांना स्मरत असेल. चाचणी क्षयाची असो वा कोरोनाची, यंत्र तेच, चिप वेगळी. तालुक्याच्या पातळीवरची ही गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर तयार झाली, याचा आनंद आणि अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

तरीही चाचणी होण्यासाठी कोणाची तरी शंका आली पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले की लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोठे उपचारासाठी गेलेच नव्हते. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांना ठळक लक्षणेच नव्हती. म्हणून हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे वस्तीत नेऊन, ते चित्र संगणकाकडून वाचून घेण्याची पद्धत सुरू झाली. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची अशी प्रणाली अनेक देशांत वापरली जाते. २०२४ च्या डिसेंबरात ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत याच मार्गाने शोध घेतला गेला. संगणकाने शंका दाखवायची आणि जनुकीय चाचणीने ती पक्की करायची, असा हा क्रम आहे. तो उलटा करू नये.

आता औषधांकडे वळू. साधा क्षय चार औषधांनी सहा महिन्यांत बरा होतो. यासाठी सेनेटोरियमची गरज नाही, घरी राहून उपचार तितकेच परिणामकारक होतात, हे १९५९ मध्ये जगाला दाखवले ते मद्रासच्या अभ्यासाने, हे विसरू नये. खरा प्रश्न औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा. २०१२ च्या आरंभी मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांची नोंद जगापुढे ठेवली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे डॉक्टरांना बंधनकारक झाले.

अशा रुग्णाचा उपचार तेव्हा दीड ते दोन वर्षे चाले. हजारो गोळ्या, आणि त्यासोबत महिनोन् महिने रोज एक इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी अनेकांची श्रवणशक्ती कायमची गेली. जीव वाचवण्यासाठी एखाद्या तरुण मुलीचे ऐकणे जावे, यावर शास्त्राने समाधान मानायला नको होते. पण दुसरा मार्ग नव्हता.

तो मार्ग बेडाक्विलिनने उघडला. जंतूला ऊर्जा पुरवणारे जे विकर आहे, तेच हे औषध बंद पाडते. जणू गिरणीचा वीजपुरवठाच तोडावा. अमेरिकेत २०१२ मध्ये, सुमारे चाळीस वर्षांनंतर क्षयावर नव्या जातीचे औषध मान्य झाले. त्याचबरोबर प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही औषधे देण्याची पद्धत केवळ सहा महिन्यांची आहे, सर्व औषधे तोंडाने घ्यायची, इंजेक्शन नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या पद्धतीने ५२ टक्के रुग्णांत चांगला परिणाम दिसला, तर या नव्या पद्धतीने ८९ टक्के रुग्णांत. केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिला मान्यता दिली. लिनेझोलिडने हातापायांना मुंग्या येणे, रक्त कमी होणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून देखरेख हवीच.

या औषधाच्या किमतीचा लढाही सांगितला पाहिजे. मूळ पेटंट २०२३ च्या जुलैत संपणार होते. कंपनीने त्याच औषधाच्या क्षाराचे निमित्त करून मुदत २०२७ पर्यंत वाढवून मागितली. तिला हरकत घेणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एक मुंबईची आणि दुसरी दक्षिण आफ्रिकेची होती. दोघीही क्षयातून बऱ्या झालेल्या, दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांत गेलेली. २०२३ च्या मार्चमध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांना ते औषध स्वस्तात बनवण्याची वाट मोकळी झाली.

शेवटी अन्नाविषयी. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी केलेल्या अभ्यासात २,८०० रुग्णांच्या घरांतील १०,३४५ व्यक्तींचा मागोवा घेतला गेला. ज्या घरांत सर्वांना दरमहा तांदूळ आणि डाळ दिली, तेथे घरच्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. हे निष्कर्ष २०२३ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकांत आले. शासनाची निक्षय पोषण योजनेतील रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरपासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली आहे, आणि २०२२ पासून 'नि-क्षय मित्र' म्हणून कोणीही रुग्णास शिधा देऊ शकतो. आपल्यापैकी जे वस्त्यांत जातात, त्यांनी शिधा देताना रुग्णाच्या ताटापुरता न देता घराच्या चुलीपुरता द्यावा.

घरच्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो : आम्हाला खोकला नाही, मग गोळ्या कशाला? जंतू शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो. बीसीजीची लस घेतलेल्यास जुनी त्वचाचाचणी फसवी उत्तर देते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही नवी चाचणी हा घोळ टाळते. संसर्ग आढळल्यास आठवड्यातून एकदा, असे बारा वेळा औषध घेतले की पुरते; पूर्वी सहा महिने रोज गोळी घ्यावी लागे. घरात कोणाला क्षय निघाला असेल, तर ही चाचणी आणि हे औषध आपल्या जिल्हा क्षयरोग केंद्रात मागा. आता आपले प्रश्न असतील तर जरूर विचारा.