आधी देऊळ, मग अभंग

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



समितीने मला ‘संत आणि काव्य’ या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय समुद्राएवढा. पण आजचा प्रसंग जीर्णोद्धाराचा आहे. म्हणून ज्यांनी आधी मोडके देऊळ नीट केले आणि ज्यांना अभंग त्यानंतर स्फुरले, त्या देहूच्या तुकोबारायांविषयीच बोलतो.

तुकोबांनी आपली हकीकत एका अभंगात स्वतःच सांगून ठेवली आहे. तीही संतांनी विचारले म्हणून, संकोचाने. घर वाण्याचे, खाऊनपिऊन सुखी. आईबाप गेले. पाठोपाठ १६३० च्या सुमारास दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. पैसा संपला, पैशाबरोबर मान गेला. थोरली पत्नी भुकेने गेली. धंदा बुडत चालला, चारचौघांत वावरण्याची लाज वाटू लागली. १९७२ साली खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली वडील मंडळी इथे बसली आहेत. त्यांना हे फोड करून सांगायला नको.

यानंतर तुकोबांनी काय केले? लगेच गाणे केले नाही. गावातले पडके देऊळ दुरुस्त करण्याचे त्यांच्या मनाने घेतले. ते त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांनी स्थापिलेले, अशी परंपरा आहे. दुष्काळाने धुऊन नेलेल्या माणसाजवळ वर्गणी द्यायला काय असणार? पण देह झिजवून जे करता आले ते केले, असे ते त्याच अभंगात नमूद करतात. मग एकादशीचे कीर्तन सुरू झाले. तेव्हा अभ्यास नव्हता. संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली, आणि पुढे कोणी गाऊ लागला की हे मागे ध्रुपद धरीत. महाराष्ट्राचा एवढा मोठा कवी आधी मागच्या रांगेतला टाळकरी होता! कवित्वाची स्फूर्ती त्यानंतरची. तिलाही विरोध झाला, वह्या नदीत बुडवाव्या लागल्या, हा भाग आपल्याला ठाऊकच आहे.

आता झाडावेलींना सोयरे म्हणणारा त्यांचा अभंग आठवा. शाळकरी मुलांनाही तो येतो. त्यात विठ्ठलाचे नाव कोठेही नाही. आभाळाचा मांडव आहे, जमिनीचे आसन आहे, वेळ कळवायला वारा आहे आणि स्वतःचाच स्वतःशी चाललेला संवाद आहे. हरिकथा हा शब्द एकदाच येतो, तोही जेवणाच्या रूपकात. हरिकथेचे नाना प्रकार करून रुचीने जेवू, असे ते म्हणतात. ज्याच्या घरात माणूस भुकेने गेले, त्याने जेवणाचे रूपक घ्यावे! मला तरी त्या ओळीशी येऊन थांबावे लागते. दुष्काळाचा शब्द नाही, रडगाणे नाही, उपदेशही नाही. आणि भक्ती मात्र शब्दाशब्दांत मुरलेली, भाकरीत मीठ असावे तशी.

काही कीर्तनकार सांगतात की देवाने भक्तीला लावण्यासाठीच दुष्काळ धाडला. दिवाळे निघाले ते बरेच झाले, असे तुकोबा स्वतः एका अभंगात म्हणतात खरे. परंतु तो अधिकार त्यांचा. घर त्यांचे उजाडले होते. दुसऱ्याच्या घरच्या मरणाला ‘बरे झाले’ म्हणण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. कोणाच्या दारी संकट आले तर आधी धान्याची पायली न्यावी, निरूपण मागाहून.

या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहे, ती योग्यच. त्यांच्या उदार आश्रयावाचून कळस चढता ना. पण जोत्याचे दगड ज्यांनी पाठीवर वाहिले आणि चुन्या-सिमेंटला ज्या मायबहिणींनी डोक्यावरून पाणी आणले, त्यांची नावेही समितीने शेवटच्या पानावर घ्यावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. तुकोबांची देणगी याच खात्यातली होती.

भजनी मंडळ केव्हाचे तयार बसले आहे. त्यांनी तोच अभंग घ्यावा, चाल आपली जुनीच ठेवावी, आणि मागे बसलेल्यांनी ध्रुपद धरावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!