इंजिन की क्लच?

आमच्या बचत गटाचे डबे जुन्या मारुती ८०० मधून जातात. गेल्या पावसाळ्यात गाडी चढावर दमायला लागली. गॅरेजवाले म्हणाले, "इंजिन उघडावं लागेल." गटाची वर्षाची शिल्लक त्यात गेली असती.

मग आम्हीच नीट लक्ष दिलं. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र वाढत नव्हता. करपल्यासारखा वासही यायचा. म्हणजे इंजिनात जोर होता, तो चाकांपर्यंत पोचत नव्हता.

सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढला, पायाचा ब्रेकही दाबला आणि चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असता तर इंजिन लगेच बंद पडलं असतं. आमचं चालूच राहिलं! (ही परीक्षा एकदाच, क्षणभरच करा.) केबल फार ताणलेली असली तरी असं होतं, ती ठीक होती. क्लचप्लेट झिजली होती. तेवढीच बदलली.

आवाज आणि वेग दोन्ही पडले, गाडी थरथरली, तर मात्र आधी स्पार्क प्लग पाहा. सिलिंडर तीनच, एक रुसला तरी सगळी गाडी हादरते.

गॅरेजात नुसतं "गाडी बिघडली" म्हणू नका. काय होतं, कधी होतं, ते सांगा.