नेमके विशेषण
‘भीषण’ म्हटल्याने करमाडच्या शेतकऱ्यास संकट कळत नाही. ‘कोरडा’ वा ‘ओला’ म्हटल्याने कळते. ‘दुष्काळ’ हे नाम. त्याआधी ‘कोरडा’ लावताच १९७२ च्या आटलेल्या विहिरी आठवतात, ‘ओला’ लावताच अतिवृष्टीने कुजलेले पीक. नामाविषयी अधिक सांगते ते विशेषण, क्रियेविषयी सांगते ते क्रियाविशेषण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीची भूमी ‘पहाटे’ हादरली. दगडमातीच्या घरांत माणसे झोपेत होती, हजारो दगावली. ‘पहाटे’ या एका कालवाचक शब्दात त्या हानीचे एक कारण सामावले आहे. ‘महाभयंकर’ हा शब्द भय वाढवितो. नेमका शब्द साहाय्याची दिशा दाखवितो. कोरड्या दुष्काळात चारापाणी हवे, ओल्या दुष्काळात शेतातील पाण्याचा निचरा. व्याकरण शिकविताना मुलांना हा विवेकही द्यावा.