पोथीची मागची बाजू

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एक रामायण आहे. मेवाडचा राणा जगतसिंह याने १६४९ ते १६५३ या काळात वाल्मीकींची सातही कांडे लिहून, रंगवून घेतली. लिहिणारा हिरानंद जैन, रंगवणाऱ्यांतला सर्वांत मोठा साहिबदीन मुसलमान, आणि चित्रे चारशेच्या वर. पुढे राणा भीमसिंहाने त्यातली काही कांडे कर्नल टॉडला भेट दिली. कंपनीच्या पोलिटिकल एजंटला नाही म्हणायची सोय दरबाराला कितपत होती, ते सोडून देऊ. टॉडने ती १८२३ मध्ये विलायतेला नेली आणि १८४४ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली.

त्याच म्युझियमच्या पौर्वात्य हस्तलिखितांच्या विभागात १९७१ साली जे. पी. लॉस्टी नावाचा तरुण रुजू झाला. ऑक्सफर्डला तो संस्कृत शिकला होता, आणि त्याचे पुढचे सगळे काम या शिक्षणावर उभे राहिले. रसिक चित्राची पुढची बाजू पाहून थांबतात, लॉस्टी पान उलटून मागचा मजकूरही वाचत.

युद्धकांडातले नागपाशाचे चित्र घ्या. राम-लक्ष्मण बाणांच्या सापांनी जखडून पडले आहेत. वानर हवालदिल होऊन भोवती जमलेत. त्रिजटा सीतेला पुष्पक विमानातून ते दाखवायला घेऊन आली आहे. इंद्रजित मात्र एकाच चौकटीत पुन्हापुन्हा दिसतो. कथा ठाऊक नसेल तर नुसता गोंधळ! श्लोक शेजारी ठेवले की साहिबदीनने एका पानात किती प्रसंग कसे बसवले, ते उलगडत जाते.

म्युझियमचा ग्रंथसंग्रह १९७३ मध्ये ब्रिटिश लायब्ररी झाला आणि १९८२ मध्ये इंडिया ऑफिस लायब्ररीही तिच्यात आली. त्याच वर्षी लॉस्टींनी भारतातल्या ग्रंथकलेचे प्रदर्शन मांडले. त्यासाठी लिहिलेले पुस्तक अभ्यासक आजही हाताशी ठेवतात. पुढे ते चित्रे आणि छायाचित्रांच्या विभागाचे प्रमुख झाले. सीताराम नावाच्या चित्रकाराची चित्रे लायब्ररीला १९९५ मध्ये मिळाली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज १८१४-१५ साली कलकत्त्याहून पंजाबकडे गेला, तेव्हा हा बंगाली चित्रकार वाटेवरचे घाट, मशिदी, छावण्या जलरंगात टिपत होता. त्याच्याविषयी फारसे कुणाला ठाऊक नव्हते. लॉस्टींनी त्याच्यावर ग्रंथ लिहिला तो २०१५ मध्ये, निवृत्तीनंतर दहा वर्षांनी. क्युरेटरची नोकरी संपते, चित्रांचा पिच्छा सुटत नाही!

मेवाड रामायणाच्या चित्रांचे लंडनमध्ये प्रदर्शन झाले २००८ मध्ये, तेही लॉस्टींच्याच हातून. बालकांडाची पुष्कळशी पाने मात्र आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. दोन्ही संस्थांनी मिळून २०१४ मध्ये ही विखुरलेली पोथी इंटरनेटवर एकत्र आणली. लॉस्टी २०२१ मध्ये गेले. मूळ पाने अजून जिथली तिथेच आहेत, काही लंडनला, काही मुंबईला, काही राजस्थानात.