आरोपी कीं अपराधी?



२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईवर हल्ला झाला, आणि हल्लेखोरांपैकीं एकटा अजमल कसाब जिवंत हातीं लागला. त्यानंतर कित्येक महिने घरोघरीं, आगगाडींत, पानाच्या दुकानावर एकच प्रश्न ऐकूं येत होता : "ज्याचें बंदूकधारी छायाचित्र साऱ्या जगानें पाहिलें, त्याला वकील कशाला? खटला तरी कशाला?" कांहीं वकिलांनींही त्याचें वकीलपत्र घेण्यास नकार दिला. मी स्वतः त्या वेळीं असेंच म्हणत होतों, हें आधींच कबूल करतों. कारण आज जें सांगणार आहें, तें मला फार उशिरां उमगलें आहे.

खटला चालला. सरकारी खर्चानें वकील दिला गेला, सहाशेंहून अधिक साक्षीदार तपासले गेले, आणि मे २०१० मध्यें कसाबास फांशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानें ती २०११ मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत ती अमलांत आली. एवढी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच खटल्यांत त्याच्याबरोबर आणखी दोन माणसें आरोपी म्हणून उभीं होतीं, हें आपणांपैकीं कितीजणांस आठवतें?

दोघेही भारतीय. हल्ल्याच्या जागांचे हातानें काढलेले नकाशे त्यांनीं शत्रूकडे पोंचविले, असा त्यांच्यावर आरोप होता. पुरावा म्हणून एक नकाशा पुढें आला. मेलेल्या एका हल्लेखोराच्या विजारीच्या खिशांत तो सांपडला, असें पोलिसांचें म्हणणें. न्यायाधीशांनीं कागद पाहिला. विजार रक्तानें माखलेली, आणि तिच्या खिशांतून निघालेल्या कागदावर रक्ताचा डाग नाहीं; तो धड चुरगळलेलाही नाहीं! दोघेही सुटले, आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनीं त्यांची सुटका कायम ठेवली. "खटला नको" ही आमची मागणी त्या वेळीं मान्य झाली असती, तर तो कागद उजेडांत धरून कोणी पाहिला असता?

आरोपी आणि अपराधी हे दोन शब्द आपण शाळेंत वेगळे शिकतों. बोलण्यांत मात्र एकच करून टाकतों. पोलिसांनीं पकडला म्हणजे त्यानें केलेंच असणार, असा आपला हिशेब असतो. राज्यघटनेचा हिशेब निराळा आहे, आणि तो २२ व्या अनुच्छेदांत कसा उतरला, ही हकीकत मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

अमेरिकेच्या घटनेंत 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' असे शब्द आहेत. न्यायाला साजेशा रीतीवांचून कोणाचें जीवित वा स्वातंत्र्य हिरावूं नये, असा त्यांचा आशय. आपल्या घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेस गेले असतां तेथील न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं त्यांना सावध केलें कीं, या शब्दांमुळें न्यायाधीशांच्या हातीं कायदे मोडीत काढण्याची सत्ता जाते. ते शब्द गळाले, आणि त्यांच्या जागीं जपानच्या घटनेच्या धर्तीवर 'कायद्यानें प्रस्थापित केलेली कार्यपद्धति' हे शब्द आले. फरक दिसावयास लहान, पण परिणामास मोठा. कायदेमंडळानें जी पद्धति ठरविली ती पुरे. ती न्याय्य आहे कीं नाहीं, हें कोणी विचारावयाचें नाहीं, असा त्याचा अर्थ होऊं शकत होता. कन्हैयालाल मुन्शी यांच्यासारखे सभासद याविरुद्ध बोलले; तरी शब्द तेच राहिले.

पण ही गोष्ट डॉ. आंबेडकरांच्या मनांतून गेली नव्हती. १५ सप्टेंबर १९४९ रोजीं त्यांनीं एक नवें कलम सभेपुढें आणलें. आधींच्या शब्दरचनेनें सभागृहांतील पुष्कळांचें व आपलें स्वतःचेंही समाधान झालेलें नाहीं, ही त्याची भरपाई आहे, अशा आशयाचें त्यांनीं मोकळेपणीं सांगितलें. तोच आजचा २२ वा अनुच्छेद. अटक केलेल्या माणसास अटकेचें कारण शक्य तितक्या लवकर सांगावें. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा. आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढें त्याला उभें करावें. हा चोवीस तासांचा नियम इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी संहितेंतही होता. मग तो घटनेंत पुन्हां कशाला? याचें उत्तरही डॉक्टरांनीं दिलें आहे. संहितेंतील कलम कायदेमंडळास वाटेल तेव्हां खोडतां येतें. घटनेंतील तसें खोडतां येत नाहीं. पुढें संहिता १९७३ मध्यें बदलली, १ जुलै २०२४ पासून पुन्हां बदलली. चोवीस तास मात्र जागचे हलले नाहींत.

याच अनुच्छेदांत प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवादही आहे. तशा रीतीनें धरलेल्यास हा चोवीस तासांचा नियम लागू नाहीं. उजव्या हातानें दिलेलें डाव्या हातानें परत घेतल्यासारखें हें झालें. मला तें आजही खुपतें.

गळालेल्या शब्दांचा आशय न्यायालयांतून परत आला. मनेका गांधी यांच्या पासपोर्टच्या खटल्यांत २५ जानेवारी १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, नुसती पद्धति असून भागत नाहीं. ती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. मॅजिस्ट्रेटनें प्रथम भेटीसच आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगावा, आणि ऐपत नसल्यास वकील द्यावा, हें स्पष्टपणें बजावलें गेलें तें कोणत्या निकालांत? २०१२ च्या कसाबच्याच निकालांत! त्याच्यासाठीं जो हक्क आपल्याला सोसवत नव्हता, तो आज प्रत्येक गरीब आरोपीच्या उपयोगीं पडतो आहे.

पद्धति पाळूनही चूक होतेच. २००३ सालीं आपल्या महाराष्ट्रांत एका कुटुंबांतील पांच जणांचा खून झाला. नाशिकच्या सत्र न्यायालयानें २००६ मध्यें सहा जणांना फांशी सुनावली. उच्च न्यायालयानें तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सहांनाही फांशी दिली. सहाही जण भटक्या जमातीचे, अत्यंत गरीब मजूर. वांचलेल्या स्त्रीनें पोलिसांकडील छायाचित्रांतून आधीं निराळ्याच चौघांस ओळखलें होतें, आणि त्यांच्यावर खटलाच भरला गेला नाहीं. हें सारें पुनर्विचारांत तपासून ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें सहांनाही निर्दोष सोडलें व प्रत्येकास पांच लाख रुपये देण्यास सरकारला सांगितलें. सोळा वर्षें गेलीं होतीं. त्या सहांना २००९ मध्येंच फांशी दिली असती, तर पांच लाख कोणाच्या हातीं ठेवावयाचे होते?

हीं झालीं मोठीं प्रकरणें. आपल्यासारख्या सुशिक्षित घरांचा पोलिसांशीं संबंध बहुधा आरोपी म्हणून येत नाहीं. फिर्यादी म्हणून येतो.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीची सोन्याची बांगडी हरवली. भांडीं घासणाऱ्या बाईंवर संशय धरून मी चौकीवर गेलों. बाईंना बोलावून आणून बांकावर बसविलें. दिवेलागण झाली होती. तेथील अंमलदार हळूच म्हणाले, "मास्तर, रात्रभर बसूं द्या. सकाळीं आपोआप बोलेल." मी मान डोलावली. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करावयाची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते, हें मला ठाऊक नव्हतें. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या कायद्यापासून आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं, हेंही नाहीं. अंमलदारांस दोन्ही ठाऊक असावें.

मी निघालों तेव्हां बाईंनीं एवढेंच विचारलें, "मास्तर, घरीं पोरं वाट बघत असतील. त्यांना कुणी सांगेल का?"

धरलेल्या माणसाच्या नातलगास कळविलेंच पाहिजे, असें डी. के. बसू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्येंच बजावलें आहे. मी तो निरोप देण्यास त्यांच्या खोलीवर गेलों. तीन मुलें दिव्याखालीं अभ्यास करीत बसलीं होतीं. त्यांना काय सांगावें, तें मला सुचेना. तसाच परत फिरलों, माझी तक्रार नाहीं असें चौकीवर लिहून दिलें, आणि बाईंना घरीं पोंचविलें. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्याकडे आल्या नाहींत. बांगडी अद्याप सांपडलेली नाहीं.