ऊसतळावरची वीज
(शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या सातारा जिल्ह्यात कोयनेचे पाणी अडविले गेले, त्या पाण्यावर १,९६० मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. वनकुसवड्याच्या पठारावर आणि सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या फिरत आहेत. अशा प्रदेशात येऊन अंधाराविषयी बोलणे काहीसे विपरीत वाटेल. परंतु मला सांगावयाचे आहे ते गावठाणाबाहेरच्या अंधाराविषयी. दिवाळीच्या सुमारास कृष्णाकाठच्या कारखान्यांचे गळीत सुरू होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या रानात, ओढ्याकाठी, माळावर कोप्या उभारतात. माण, आटपाडी, जत या भागांतला मेंढपाळही मेंढ्या व घोडी घेऊन महिनोन्‌महिने बिऱ्हाड पाठीवर वागवीत असतो. या दोघांच्याही मुक्कामाला विजेचा मीटर नसतो.

पूर्वी कंदिलावर भागत असे. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सुधारित कंदिलावर अनेक वर्षे काम केले, ते याच गरजेपोटी. आता गरज पालटली आहे. मुकादमाचा निरोप, कारखान्याचा संदेश, मजुरीचा बँकेतील जमाखर्च, रात्री बाळंतिणीसाठी बोलवावयाची रुग्णवाहिका आणि गावी आजीपाशी ठेवलेल्या मुलांची खुशाली, हे सारे एका मोबाइलवर येऊन ठेपले आहे. तो बंद पडला की तळ मुका होतो.

बॅटरीवरचे यंत्र गावात आणून सांभाळणे हे आपल्याला नवे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने शेतकरी श्रोतामंडळांचा जो प्रयोग केला, त्यातील पाच जिल्ह्यांत त्या वेळचा उत्तर सातारा होता. वीज नसलेल्या गावांतील सार्वजनिक रेडिओ बॅटरीवरच चालत. रेडिओ मिळविण्याहून बॅटरी वेळेवर मिळणे हे कठीण काम आहे, हा धडा तेव्हाच मिळालेला आहे.

आज तळावर सापडणारी बॅटरी म्हणजे ट्रॅक्टरची. तिला चिमटे लावून छोटा इन्व्हर्टर जोडतात, त्यावर बल्ब आणि आठ-दहा फोन. पहाटे तीनला उसाच्या खेपेसाठी सेल्फ मारावा, तर इंजिन उठत नाही. एक खेप बुडते, आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो. या प्रकाराचा हिशेब सोपा आहे व तो शिक्षकांनी सातवीच्या वर्गातही करून घ्यावा. बॅटरी १२ व्होल्ट, ७५ ॲम्पिअर-तासांची असेल, तर गुणाकार ९०० वॉट-तास येतो. मात्र ही बॅटरी क्षणभर जबर प्रवाह देण्यासाठी घडविलेली असते. हळूहळू रिकामी होणे तिला मानवत नाही. पाचव्या हिश्श्याहून, म्हणजे १८० वॉट-तासांहून अधिक काढू नये, असे मी सांगेन. एक फोन पूर्ण भरण्यास गळतीसह सुमारे २५ वॉट-तास लागतात. चार फोनांचे १०० झाले. पाच वॉटचे दोन एलईडी दिवे चार तास जाळले, तर ४० आणखी. इथे थांबावे.

इन्व्हर्टर मात्र काहीही न जोडता नुसता चालू राहिला, तरी आठ-दहा वॉट खात बसतो. रात्रभरात चार फोनांइतकी वीज अशी वाया जाते. बारा व्होल्टचे २३० करायचे आणि चार्जरने त्याचे पुन्हा पाच करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? मोटारीत बसविला जातो तो बारा व्होल्टवरचा यूएसबी चार्जर थेट वापरावा. दिवेही बारा व्होल्टचेच घ्यावेत. जवळ व्होल्टमीटर असावा. विश्रांतीत असलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखविते. ट्रॅक्टरची बॅटरी १२.४ वर आली की फोन काढून घ्यावेत.

आता आगीविषयी, कारण कोपी पाचटाची असते. कमी व्होल्टला प्रवाह जास्त वाहतो: साठ वॉटसाठी घरच्या विजेवर पाव ॲम्पिअर पुरतो, बारा व्होल्टवर पाच लागतात. अशा वेळी बारीक वायर तापते. दोन वायरी एकमेकींस चिकटल्या तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतते, आणि ठिणगीला वाळले पाचट पुरते. यासाठी धन टोकाजवळ, वीतभर अंतरातच, फ्यूज हवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणाऱ्यास वेळीच रागे भरावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती कोपीत, चुलीपाशी किंवा मुलांच्या अंथरुणाशेजारी ठेवू नये.

याहून बरा मार्ग म्हणजे ट्रॅक्टरला हात न लावणे. बैलगाडीच्या टोळ्यांना तर दुसरा मार्गच नाही. शंभर वॉटचे एक सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर आणि ४० ॲम्पिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी. निम्मी वापरली तरी २४० वॉट-तास मिळतात, आणि हिवाळ्याच्या निरभ्र उन्हात पॅनेल तेवढी भर दिवसभरात घालते. गळीत हंगाम नेमका उन्हाचा, ही निसर्गाची मोठी सोय आहे. फक्त बाभळीची सावली टाळावी आणि पाचट पेटविल्यावर उडणारी काजळी रोज पुसावी. मेंढपाळाला मात्र शिशाची जड बॅटरी घोडीवर लादणे परवडणार नाही. त्याला वीस वॉटचे पॅनेल व तीनेक किलोची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी बरी. दोन फोनांपुरती वीज रोज मिळते. किंमत जास्त आहे, पण ती अधिक वर्षे टिकते.

पंचायतींना माझी एक विनंती आहे. हंगामात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात फोन भरण्यासाठी एक फळी ठेवावी. विजेचा खर्च नगण्य आहे, एक फोन भरायला पाव पैशाचाही युनिट लागत नाही असे म्हणणार नाही, पण चाळीस फोनांना मिळून एकच युनिट लागते, हे आकड्यांतच आहे. तळ दूर असेल तर वर सांगितलेला संच पंचायतीच्या मालकीचा ठेवून हंगामापुरता द्यावा व त्याची नोंद साहित्य नोंदवहीत करावी. कोणाकडे दिला, डिस्टिल्ड वॉटर कधी घातले, फ्यूज कधी बदलला, एवढे तीन रकाने पुरेत. बॅटरी निकामी झाली की ती विक्रेत्याकडेच परत जाईल असे पाहावे. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिसे काढण्यासाठी ती तळावर फोडू देऊ नये, कारण ते आम्ल आणि ती शिशाची भुकटी मुले खेळतात त्याच मातीत मिसळते.